पाठीमागची वस्ती पुसू नका

(वस्तीतल्या पोरापोरींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. मध्ये मध्ये झालेली वादावादी तेवढी गाळली आहे.)



कॅमेऱ्यावर बोलायला गोदीतल्या माणसाला उभं केलंय म्हणून मागं बसलेले काही जण हसतायत. हसा. मी दहावी पास आहे. फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक मी बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही. कविता लिहितो, आणि पाळी लागली की जहाजाच्या पोटात उतरून पोलादी पत्र्याच्या कॉइलींना साखळी अडकवतो. पण वर्गणीचा डबा माझ्याकडं आहे. म्हणून मला बोलायला लावलंय, आणि ते बरोबर आहे. ज्याच्याकडं डबा त्यानं हिशेब द्यावा.

डब्यात आज १,१०,००० रुपये आहेत. गेले आठ महिने आपण ते गोळा केलेत. त्यात नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगाऱ्याचे शंभर आहेत, धुणीभांडी करणाऱ्या मावश्यांचे पन्नास-पन्नास आहेत, आणि ज्या पोराची नोकरी गेली त्यानं मोबाइल विकून टाकलेले दोन हजारही आहेत. या पैशांचा कॅमेरा घ्यायचा ठरलंय. कुठला घ्यायचा, यावरून आपल्यात दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, सोनीचा मोठा फुलफ्रेम घ्यायचा, उरलेले पैसे हप्त्यांनी फेडायचे, च्यायला एकदा तरी आपलं काम त्यांच्या तोडीचं दिसू दे. दुसरा तट म्हणतो, कॅमेऱ्याची चैन कशाला, मोबाइल आहे ना खिशात, पैसे कोर्टकचेरीला ठेवा. मी दोघांचं ऐकलं. मग पाळी सुटल्यावर आठवडाभर फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांतून हिंडलो. काही दुकानदारांनी माझ्या हाताकडं बघून कॅमेरा काउंटरच्या आतच ठेवला. काहींनी हातात दिला. ज्यांनी दिला त्यांच्याकडून बरंच शिकलो.

एक गोष्ट आधी बोलून टाकतो. १८९६ सालच्या ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ही यंत्रं काही उडत आली नव्हती. बोटीतून आली, धक्क्यावर उतरली. उतरवणाऱ्यांची नावं सिनेमाच्या इतिहासात कुठं सापडतात का बघा. तेव्हापासून आपण कॅमेऱ्याच्या पेट्या वाहतोय. आता पेटी उघडायची पाळी आली आहे, तर डोकं ठिकाणावर ठेवून उघडू या.

गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते आपल्यातल्या चौघांना माहीत आहे. बाकीच्यांना सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. गटारात उतरून मेलेल्या एका भावाच्या बायकोला आपण बोलतं करायला गेलो होतो. बाईचं नाव घेत नाही. एका दिवसाच्या भाड्यानं भारी कॅमेरा आणला, त्याला उघडी लेन्स लावली. मावशी दाराजवळ बसली. चाळीस मिनिटं बोलली. नवऱ्याला कुणी बोलावलं, काय बोलून उतरवलं, वर ओढायला किती वेळ गेला, नंतर कोऱ्या कागदावर अंगठा कुणी मागितला, सगळं बोलली. आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काय चित्र आलंय! जाहिरातीसारखं. डोळे लख्ख, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं.

घरी येऊन लावलं. टेबलफॅनची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, वरून लोकल. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेला. कानाला हेडफोन कुणाच्याच नव्हता. मावशीचं एक वाक्य कळतंय, दोन बुडतायत. मुकादमाचं नाव आलं तिथं नेमकी गाडी गेली. कोऱ्या कागदाचं आलं तिथं कुकर.

आम्ही परत गेलो. म्हटलं, मावशी, पुन्हा एकदा सांगाल का? ती म्हणाली, "एकदा सांगितलं ना बाबा. परत त्या गटारात उतरू का मी?"

आमच्यापैकी कुणाची मान वर होईना.

तिचा बारा वर्षांचा पोरगा मोबाइलवर तो तुकडा बघत होता. तो म्हणाला, "पण आमचं घर कुठाय यात?" तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. मावशीच्या पाठीमागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्या बाजूला मेलेल्या भावाचा फोटो होता, आणि खाली खुंटीवर तो दोर टांगलेला होता, ज्याला धरून तो उतरायचा. पट्टा नाही, मुखवटा नाही, नुसता सुती दोर. अख्ख्या गुन्ह्याचा पुरावा खुंटीवर लटकत होता, आणि आपण लाखाच्या लेन्सनं त्याचा तपकिरी डाग करून टाकला. शहाण्यांनी पैसे मोजून पुरावा पुसला.

म्हणून आज मी कॅमेऱ्यावर बोलतोय. मावशीचं काय झालं ते डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

मिररलेस, मिररलेस म्हणून सगळे बोलतायत. ते काय आहे? जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं आरसा असायचा. तो उजेड वर फेकायचा म्हणून डोळ्याला दिसायचं. २००८ साली निकॉनचा डी-९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आले आणि आरशाच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला. पण व्हिडिओ घेताना आरसा वर उचलूनच धरावा लागे, म्हणजे डोळ्याची खिडकी आंधळी. त्याच वर्षी पॅनासॉनिकनं जी-वन काढला, त्यात आरसाच काढून टाकला. सेन्सरवर पडतं तेच पडद्यावर दिसतं. पुढच्या वर्षी जीएच-वन आला, त्यात व्हिडिओही आला. आरसा गेला म्हणून कॅमेरा लहान झाला, हलका झाला, आणि ज्याला स्टुडिओत कुणी उभं करत नव्हतं त्याच्या हातात येण्याजोगा झाला. एवढं श्रेय मी त्या यंत्राला देतो.

आता सेन्सर. फुलफ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा तुकडा. मायक्रो फोर थर्ड्‌स म्हणून जो लहान प्रकार आहे तो १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढा, जवळजवळ एक चतुर्थांश. मोठा तुकडा जास्त उजेड पितो, म्हणून अंधारात बरा. आणि तेवढंच दृश्य, लेन्सचा एफ आकडा तोच धरला, तर मोठ्या तुकड्यावर पाठीमागचं जास्त धुरकट होतं. लहान तुकड्यावर एफ १.७ लावलं तरी धुरकटपणा फुलफ्रेमच्या एफ ३.४ एवढाच येतो. बाजार म्हणतो, हा लहान सेन्सरचा दोष. यूट्यूबवरचे सगळे पंडित म्हणतात, सिनेमॅटिक लुक येत नाही.

मी विचारतो, हा लुक कुणाचा? ज्याच्या दुःखाला घर, गल्ली, पाण्याचा नळ, मुकादम, जात यांतलं काहीच लागत नाही, त्याचं दुःख एकट्या चेहऱ्यावर मावत असेल. त्याच्या पाठीमागं धूर केला तरी चालतो. आपलं तसं आहे का? आपल्या माणसाचा चेहरा असा का झाला, याचं उत्तर त्याच्या पाठीमागं उभं असतं. गळका पत्रा असतो, सामायिक संडासाची रांग असते, खुंटीवरचा दोर असतो. ते पुसलं की उरतो फक्त एक रडका चेहरा, आणि बघणारा हळहळून उठून जातो. कुणी केलं, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, आता कॅमेऱ्यानं चौकटीतूनही बाहेर काढायचं का, आणि तेही आपल्याच हातानं?

इथं एक बहीण मघाशी उठून बोलली ते खरं आहे. कधी कधी धुरकट करणं हे संरक्षण असतं. ज्या बाईला आपलं घर ओळखू येऊ नये असं वाटतं, तिच्या मागची गल्ली दाखवायचा आपल्याला काय हक्क? मान्य. पण तो निर्णय तिचा असला पाहिजे, लेन्सचा नव्हे.

आता पहिल्या तटाकडं येतो. त्यांचा मुद्दा फुकटचा नाही. सोनीचा ए-सेव्हन-एस थ्री २०२० साली आला. सेन्सर फुलफ्रेम आणि पिक्सेल सव्वा कोटीच्या आत, म्हणजे एकेक पिक्सेल मोठा. अंधारात हा कॅमेरा मांजरासारखा बघतो. चेहऱ्यावरचा फोकस सोडत नाही. त्याच घराण्यातल्या एफएक्स-थ्रीवर गॅरेथ एडवर्ड्‌सनं 'द क्रिएटर' नावाचा हॉलिवूडचा चित्रपट काढला, २०२३ साली. तुम्ही मला तेच उदाहरण तोंडावर फेकता. पण पुरतं सांगा ना. कॅमेरा चार हजार डॉलरच्या आतबाहेरचा होता, आणि चित्रपटाचा खर्च सुमारे आठ कोटी डॉलर होता. त्या छोट्या कॅमेऱ्याच्या मागं मोठे छायालेखक, दिवे, आवाजाची माणसं आणि महिनोन्‌महिने संगणकावर राबणारी फौज होती. तो चित्रपट एक गोष्ट सिद्ध करतो, की खोका आता महत्त्वाचा राहिला नाही. आणि तुम्ही त्याचं नाव घेऊन खोक्यासाठीच कर्ज काढायला निघालात.

अंधाराचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. जहाजाच्या पोटात भरदुपारीही दिवा लागतो, मला कुणी सांगायला नको. गटाराची कामं रात्री उरकतात, म्हणजे कुणी बघायला नको. तिथं लहान सेन्सर धापा टाकतो. आयएसओ १६०० च्या पुढं गेलं की चित्रात दाणा येतो, ३२०० ला बाजरी पेरल्यासारखं दिसतं. मग काय करायचं? एफ १.७ ची लेन्स लावायची, जवळ जायचं, मुठीएवढा एलईडी दिवा ठेवायचा आणि विचारून लावायचा. तरी दाणा आला तर येऊ दे. मेलेल्या माणसाचा पुरावा दाणेदार आहे म्हणून कुणी नाकारलेला मी ऐकला नाही. ऐकू येत नाही म्हणून मात्र आपलाच फुकट गेला.

दुसरं, कॅननचा आर-फाइव्ह. २०२० साली आला तेव्हा ८के म्हणून डंका वाजला. पण ८के चित्रण वीसेक मिनिटांत गरम होऊन थांबणार, ही मर्यादा कंपनीनंच जाहीर केली होती. मावशी चाळीस मिनिटं बोलली. तिला मध्ये थांबवून म्हणायचं का, थांबा मावशी, यंत्र तापलंय, जरा निवू द्या? शिवाय ८के बघणार कशावर? आपल्या वस्तीत ते मोबाइलवर बघितलं जाणार.

आणि ही मिनिटांची भानगड बघा. पुष्कळ कॅमेरे एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर आपोआप बंद पडायचे. मला वाटायचं यंत्राचा दोष असेल. दोष यंत्राचा नव्हता, जकातीचा होता. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जादा जकात बसायची. ती चुकवायला कंपन्यांनी यंत्राचा गळाच आवळून ठेवला. धक्क्यावर काम करणाऱ्याला हे पटकन कळतं. कागदावर मालाचं नाव बदललं की माल बदलतो. पण लक्षात ठेवा, कुठल्या तरी देशाच्या जकातीच्या कलमानं आपल्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडलं जाऊ शकतं. कॅमेरा घेताना पहिला प्रश्न हा विचारा : किती वेळ न थांबता चालतो?

तिसरा, सोनीचा झेडव्ही-ई-टेन, २०२१ चा. स्वस्त आहे, नवा मिळतो, फोकस झकास. पण अंगात स्थिरता नाही, हात हलला की चित्र हललं. कार्डाला खाचा एकच. धावती गाडी घेतली तर खांब तिरके होतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि हा सावकाश वाचतो. आणि रंग ८ बिटचा. ८ बिट म्हणजे एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिट म्हणजे १०२४. तुम्ही म्हणाल, पायऱ्यांचं काय घेऊन बसलास? तर ऐका.

सावळ्या चेहऱ्यावरच्या छटा सगळ्या खालच्या पायऱ्यांवर राहतात. पुढं संगणकावर चेहरा थोडा उजळ करायला गेलो, तर २५६ पायऱ्यांत तिथं मोजून थोड्या असतात, आणि गालावर नकाशासारखे पट्टे पडतात. गोऱ्या गालाला ही अडचण कमी. हा योगायोग आहे असं समजू नका. जुन्या फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एक कार्ड असायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिला 'शर्ली' म्हणत. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. काळ्या माणसाचा चेहरा म्हणजे दोन डोळे आणि दात, बाकी काळं, असंच वर्षानुवर्षं छापून आलं. कोडॅकनं फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागं चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामानवाल्यांच्या तक्रारी होत्या असं सांगतात. लाकडाची दाद लागली, माणसांची नाही.

आणि दुसरी गोष्ट अभिमानाची. अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीयांना १९७० साली कळलं, की आपल्या कंपनीची यंत्रं दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांच्या पासबुकावर फोटो काढायला वापरली जातायत. ज्या पासबुकाशिवाय काळ्याला आपल्याच देशात हिंडता येत नव्हतं, ते पासबुक. त्यांनी कामगारांची चळवळ उभी केली, बहिष्कार पुकारला. हंटरला नोकरीवरून काढलं. पण १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून निघावं लागलं. कॅमेरा बनवणाऱ्या कामगारानं कॅमेरा कुणावर रोखलाय हे विचारलं, म्हणून हे झालं. आपणही तेच विचारायचं.

म्हणून कामाचं सांगतो, लिहून घ्या. कॅमेऱ्याचा मीटर जग सरासरी करडं आहे असं धरून चालतो. आपला माणूस पांढऱ्या भिंतीपुढं किंवा उघड्या दारात बसवला की मीटर घाबरतो आणि सगळं काळवंडून टाकतो. मीटरचं ऐकू नका. उजेड चेहऱ्यावर मोजा. खिडकी जळाली तर जळू दे. मोबाइलवर घेत असाल तर तो चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारा फिल्टर आधी बंद करा, आपली कातडी कुणाला दुरुस्तीला दिलेली नाही. आपल्याकडं वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून चित्रण सेकंदाला २५ चौकटींचं आणि शटर पन्नासांश सेकंदावर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते. आणि दुकानात कॅमेरा तपासायला जाल तेव्हा आपल्यातला सगळ्यात सावळा पोरगा बरोबर न्या, त्याला कोपऱ्यात उभा करा, आणि फोकस त्याला धरतो का बघा.

आता माझा कौल. मी म्हणतो, पॅनासॉनिकचा जुना जीएच-फाइव्ह घ्यावा, सेकंडहँड. २०१७ चा आहे. सेन्सर लहान, म्हणून पाठीमागची वस्ती दिसते. १० बिट रंग कार्डावरच उतरवतो. चित्रणाला वेळेची मर्यादा नाही, कार्ड भरेपर्यंत चालतो. अंगात स्थिरता आहे, म्हणजे मोर्चात स्टँड लागत नाही. माइकलाही भोक आहे, हेडफोनलाही आहे. कार्डाच्या दोन खाचा आहेत, एकाच वेळी दोन्हींवर उतरवता येतं. एक कार्ड कुणी हिसकावलं तर दुसरं आपल्या पोरीच्या पर्समध्ये गेलेलं असतं. दोषही सांगतो, नाहीतर उद्या मला शिव्या घालाल. अंधारात कमी. आणि व्हिडिओत त्याचा आपोआप फोकस बेभरवशाचा आहे, मध्येच पुढंमागं चाचपडतो. पॅनासॉनिकनं फोकसची पद्धत बदलली ती २०२३ च्या एस-फाइव्ह टूमध्ये, तो आपल्याला परवडत नाही. मग फोकस हातानं करायला शिका. लहान सेन्सरवर ते सोपं जातं, थोडं इकडंतिकडं झालं तरी खपतं.

मोबाइलवाल्या तटाला मी झिडकारत नाही. शॉन बेकरनं 'टँजरीन' हा अख्खा चित्रपट २०१५ साली आयफोन फाइव्ह-एसवर केला. आणि आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे 'खबर लहरिया'. २००२ साली चित्रकूटला बायकांनी सुरू केलेलं पत्र. पुढं त्याच बायका मोबाइल घेऊन खाणीत, पोलिस ठाण्यात, बलात्काराच्या गावात पोचल्या. त्यांच्यावरचा माहितीपट 'रायटिंग विथ फायर' ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पण २०२२ साली त्या बायकांनी स्वतःच निवेदन काढलं, की यात आमचं चित्र अपुरं आलंय. बघा म्हणजे! ज्यांच्या हातात स्वतःचा कॅमेरा आहे, त्यांच्यावरही दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं सिनेमा झाला की काहीतरी निसटतं. म्हणून मोबाइल तर हवाच, घटना घडते तेव्हा जो खिशात असतो तोच कॅमेरा. पण तासभर बसून घ्यायची साक्ष, आणि उद्या मोठ्या पडद्यावर लावायचं काम, यासाठी आपलं स्वतःचं यंत्र हवं.

आणि यंत्राच्या आधी आवाज. बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. मुक्यांचा नायक. आपल्याला चेहरा नव्हता असं नाही, आपले चेहरे सगळ्यांनी पाहिले होते, फोटोही काढले होते. आपलं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. शंभर वर्षांनी आपल्या हातात कॅमेरा आला आणि आपण पुन्हा मुकाच सिनेमा काढला, याची मला लाज वाटते.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे आपल्यातून गेले. तिथून सुरू झालेलं ते काम १४ वर्षं चाललं, चित्रपट २०११ ला आला. चौदा वर्षांत बाजारात किती कॅमेरे आले आणि भंगारात गेले! चित्रपट तरला तो शाहिरांच्या आवाजावर आणि परत परत त्याच गल्लीत जाणाऱ्या पायांवर. आणि नागराज मंजुळेंचा 'फँड्री', २०१३ चा. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड पडद्यातून थेट आपल्यावर येतो. तो दगड लागतो, कारण त्याआधी तासभर आपल्याला ते गाव, ती शाळा, ती डुकरं, ती हसणारी माणसं सगळं स्पष्ट दाखवलेलं असतं. पाठीमागचं गाव पुसलं असतं, तर तो दगड कुणावर मारला हे कळलंच नसतं.

आता पैशाचा हिशेब. भाव मी स्वतः विचारून आलोय. सेकंडहँड कॅमेरा ४५,०००. दोन लेन्स, एक रुंद आणि एक एफ १.७ ची, २०,०००. आवाजाचं यंत्र, कॉलरचे दोन माइक, हेडफोन, २०,०००. दोन हार्डडिस्क १२,०००. कार्डं आणि बॅटऱ्या ८,०००. दिवा २,०००. उरले ३,००० जाण्यायेण्याला आणि चहाला. झाले १,१०,०००. हप्ता नाही, कर्ज नाही. कापाकापीसाठी दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं.

हार्डडिस्क दोन कशाला, असं विचारलंत. सेकंदाला १५० मेगाबिटचं चित्रण म्हणजे तासाला साडेसदुसष्ट जीबी. मावशीची चाळीस मिनिटं म्हणजे ४५ जीबी. ते मोबाइलच्या ग्रुपवर पाठवून पिळवटलेलं चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक चौकट कापली तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. एक डिस्क वस्तीत, दुसरी वस्तीबाहेर. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ ला झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. पण तो माणूस कुणी उतरवला हे सिद्ध व्हायला लागतं. नाव ऐकू यायला लागतं. आमच्या चित्रणात त्या नावावरून लोकल गेली.

शेवटचं. कॅमेरा एकट्या पोरांच्या गळ्यात लटकणार नाही. आठवड्यातले निम्मे दिवस तो पोरींकडं राहील. ज्याचं चित्रण घेतलं त्याला ते आधी दाखवायचं, त्यानं 'काढा' म्हटलेलं काढायचं. आणि बोलणाऱ्याच्या घरात शिरलो की पहिल्यांदा पंखा बंद करायचा, हेडफोन कानाला लावायचा, मग भिंतीकडं बघायचं, आणि मग कॅमेऱ्याचं बटण.

दुपारी मतं घ्या. मी माझं मत दिलंय, डबा टेबलावर ठेवलाय. पण एक सांगून बसतो. त्या मावशीनंही डब्यात पन्नास रुपये टाकलेत. परवा वस्तीत भेटली तेव्हा टाकले. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घे. ह्या टायमाला नीट ऐकू येईल असं काहीतरी आणा. मग बघू, बसते मी परत."

जय भीम.